रशियात पाट असतो का?

सिद्धेश्वराच्या तळ्यात उभी राहून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी उरलेली दाढ आत्ता इथं गळून पडू दे. एकच उरलीय, तिच्यावर माझी सुपारी चालते. म्हणजे बघा, किती मोठी शपथ घेतली.

तर आमचे दाजी चपला न काढता थेट स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत बसले होते. हातातला अंक त्यांनी माझ्या परातीत, कणकेवरच आपटला आणि म्हणाले,

"द्वारके, रशियात पाट असतो का?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, शालनताईचा नवरा. मुकुंदराव तारळकर. मिशा अशा, की ते बोळातून निघाले की समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं उतरावं. साल शहात्तर. आणीबाणी चालू. दाजी ज्या कचेरीत होते तिथून शिक्का मिळाल्याशिवाय सोलापुरात काही छापता येत नव्हतं. आमच्या बोळात एका मुलीचं नाव होतं क्रांती. तिच्या लग्नपत्रिकेत दाजींनी क्रांती खोडून शांती केलं. लग्नात भटजी शांती म्हणाले, ती वळूनच बघेना. शेवटी नवरदेवानं कोपरानं ढोसलं तेव्हा उभी राहिली. आजपर्यंत सासरी शांतीच आहे.

"असतो की पाट," मी म्हटलं. "बसायला काय हवेत बसतात?"

"शहाणपणा नको. मुंबईच्या साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केलाय. रशियन माणूस खुर्चीवर बसतो म्हणे. त्यांच्या कवितेत पाट आला कुठून?"

परातीतला अंक मी वाकून बघितला. 'फुटकं माप' नावाचं ते अनियतकालिक आमचा माणिकदादा काढायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका आणि शेंगाचटणीच्या पुड्यांवरची लेबलं छापून कागद उरला की तो अंक काढायचा. या अंकात मधल्या पानावर कविता होती.

आधी खुर्ची जाळली
मग पाट
मग पाळणा
शेवटी आपण दारच जाळलं
आता
या की
टकटक कशावर करणार

वर छापलं होतं, 'रशियन कवयित्री वेरा द्वेर्किना. क्रांतीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात लिहिलेली कविता. मूळ रशियनवरून.'

आता ऐका. वेरा द्वेर्किना नावाची बाई जगात नव्हती. कविता दादाची होती. त्याच्या ओळखीतल्या दोन पोरांना पहाटे दार वाजवून उचलून नेलं होतं, ती परत आली नव्हती. त्यावर त्यानं ही लिहिली. स्वतःच्या नावानं छापली असती तर तिसरा तोच. मीच म्हटलं, दादा, मराठी माणसानं लिहिली तर तुरुंग, रशियन बाईनं लिहिली तर मैत्री. त्या वर्षी सरकारचं रशियाशी असं सूत होतं, की रशियन म्हटलं की दाजी न वाचता शिक्का मारायचे. तसाच मारला होता.

रशियन मला येत होतं. म्हणजे येत होतं असं म्हणायचं. पुण्याला शिकले होते आणि सोलापुरात मैत्री मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी वर्ग घ्यायचे. चार जण यायचे. त्यातला एक फक्त पंख्यासाठी यायचा. पण पुण्याच्या आमच्या मास्तरांना क्रांतीच्या वेळच्या रशियन कवींचं भारी वेड. वर्गाचं दार लावून वाचायचे. म्हणायचे, या लोकांनी कवितेतले स्वल्पविराम फेकले, यमकं फेकली, जुनं सगळं फेकलं, आणि मग कुणीतरी त्यांनाच उचलून फेकलं. कुणाला गोळी घातली, कुणी स्वतःच जीव दिला, कुणाच्या कविता बायकोनं पाठ केल्या म्हणून उरल्या. सांगताना मास्तरांचा आवाज बारीक व्हायचा.

त्यांनीच मला सांगितलं होतं, की रशियनमध्ये दाराला द्वेर म्हणतात. आपलं द्वार, त्यांचं द्वेर. आणि छोट्या दाराला द्वेर्का. तेव्हापासून वर्गात मी द्वारकाची द्वेर्का झाले. कवयित्रीला नाव हवं होतं, ते मी माझ्यातनंच कापून दिलं.

"बोल की," दाजी म्हणाले. "पाट कुठून आला?"

"पाट नाहीच तो." तोंड उघडेपर्यंत पुढचा शब्द मला माहीत नव्हता. "पार्ता आहे. शाळेतलं बाक असतं ना, त्याला रशियनमध्ये पार्ता म्हणतात. मी भाषांतरात तसाच ठेवला होता. छापताना पार्ताचा पाट झाला."

"अक्षरं कुणी जुळवली?"

"दादानं."

"म्हणजे चूक माणिकची."

"मग? शुद्धलेखनाची चूक मिसा कायद्याखाली येते का, दाजी?"

दाजींनी अंक उचलला. त्याला कणीक चिकटली होती, ती बोटानं काढून त्यांनी माझ्या परातीच्या काठाला पुसली.

"लहानपणापासून तुझी जीभ बघतोय मी. लग्नात माझे जोडे लपवलेस, तेव्हाच शालनला म्हटलं होतं, ही पोरगी एक दिवस घर बुडवणार. पण या कागदावर शिक्का माझा आहे. मी बुडायच्या आधी तुझ्या भावाला बुडवीन."

"ताईला काय सांगाल?"

"तिचं मी बघतो. परवा रशियन शिष्टमंडळ येतंय, गिरणी बघायला. त्यांच्यात एक म्हातारी आहे, ग्रंथालयातली. तिला विचारणार. मूळ रशियन कविता घेऊन यायची. ती हो म्हणाली, तर विषय संपला. नाही म्हणाली, तर माणिकला मी स्वतः दंडाला धरून चौकीत नेऊन बसवीन. जामीन नाही, वकील नाही. कळलं?"

"चपला काढून येत जा पुढच्या वेळी," मी म्हटलं.

ते गेल्यावर दादा पुढच्या खोलीतून आला. हातांना शाई. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"स्टूल लिहायला काय झालं होतं तुला?" मी ओरडले. "टेबल लिहायचं. फळी लिहायची. रशियन बाई पाट जाळते होय?"

"मला पाटच दिसला," दादा म्हणाला. "आजोबांचा. एका कडेला फुटलेला."

"आता बस त्याच्यावर."

"द्वारके, रागावू नको."

"मामाकडे विजापूरला जा. आजच जा."

"पळालो की कबूल केल्यासारखं झालं. मग तुलापण नेतील." आणि तो परत जाऊन छपाईयंत्र पुसत बसला. असा माणूस! याच्यासाठी मी दोन दिवस रशियन व्याकरण उपसत बसले.

कारण मूळ कविता कुठं होती? मूळ कविता मराठी होती. आता तिची आई तयार करायची होती. माझं रशियन म्हणजे 'हे माझ्या काकांचे घर आहे, काकांचे घर मोठे आहे' या जातीचं. त्यात सहा विभक्त्या, प्रत्येकीचं शेपूट वेगळं. जिथं जे शेपूट शोभेल ते लावलं. पार्ता मात्र बरोबर होता, कारण तो पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, पेन्सिलीच्या चित्राशेजारी होता. तिथूनच तर त्या दिवशी तोंडात आला होता.

परवाचा दिवस उजाडला. मे महिना, सोलापूरचं ऊन. गिरणीच्या पाहुणेघरात सगळा कार्यक्रम. स्वागताला काय, तर प्रत्येक पाहुण्याच्या अंगावर सोलापुरी चादर घातली. मे महिन्यात! शिष्टमंडळाचा पुढारी चांगला पोतंभर माणूस होता, चादरीत असा घामाघूम झाला, की मला वाटलं आता त्याला पिळून वाळत घालावं लागणार. म्हातारीनं मात्र आपली चादर घडी करून मांडीवर ठेवली होती. झिनाइदा मार्कोव्ना तिचं नाव. आम्ही झिनाबाई म्हणू. बारीक चणीची, पांढरे केस कानामागं घट्ट बसवलेले. तिच्या शेजारी त्यांचा दुभाष्या, ओलेग. त्याला हिंदी यायची. हसू येत नव्हतं.

मी कागद घेऊन पुढे झाले, तर दाजींनी हात आडवा घातला.

"तू नाही. तुझ्यामार्फत विचारायला मी खुळा नाही. कागद इकडे दे आणि मागे हो."

कागद ओलेगच्या हातात गेला. दाजी त्याला हिंदीत म्हणाले, "मॅडमसे पूछिये. ये कवयित्री असली है, या किसीने बनायी है?"

ओलेगनं विचारलं. झिनाबाईंनी चष्मा लावला. वाचताना ओठ हलत होते. मग एक भुवई वर गेली. मग त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि एका जागी खूण केली. खाली आणखी एका जागी केली.

संपलंच, मी म्हटलं मनात. रशियन कवयित्री रशियन विभक्तीत कशाला चुकेल? दादा दारापाशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागं घेऊन. आत्तापासूनच बेडी घातल्यासारखा.

ओलेगनं मान वाकवून कागद बघितला आणि झिनाबाईंना हळूच रशियनमध्ये म्हणाला. हळू म्हणाला तरी मला कळलं. "अशी कुणी नाही. सांगून टाका आणि चला."

दाजींना रशियन येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता येत होता. मिशीवरून बोट फिरवत ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "द्वारके! ये, पुढे ये आता. द्वारके!"

झिनाबाईंनी मान वर केली.

"यांनी काय म्हणून हाक मारली तुला?" हे थेट मला, रशियनमध्ये.

"माझं नाव. द्वारका."

"द्वेर्का?"

"द्वारका," मी म्हटलं.

त्यांनी कागदाच्या तळाशी बघितलं. वेरा द्वेर्किना. मग माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे.

"तो कोण?"

"ब्रात," मी म्हटलं. भाऊ. हाही शब्द त्यांचा नि आपला एकाच घरचा.

"त्याचं काय होणार आहे?"

ओलेग आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्यासमोर काय सांगणार? माझ्याजवळ टेबल होतं. मी बोटाच्या पेरानं त्याच्यावर दोनदा वाजवलं. टकटक.

झिनाबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग दाजींकडे वळून मोठ्यानं बोलल्या. ओलेगनं हिंदी न करता घड्याळ बघितलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, प्रत्येक शब्द वेगळा करून, ढ पोराला सांगावं तसं. शेवटी ओलेगला तोंड उघडावं लागलं.

"मॅडम कहती हैं, वेरा द्वेर्किना को जानती हैं।"

"जानती हैं?" दाजींचं बोट मिशीवरच थांबलं. "पाट का पूछो! पाट! वो क्या है?"

"पार्ता," झिनाबाई म्हणाल्या. ओलेग मागून हिंदीत ओढत राहिला. त्या हिवाळ्यात गावात लाकूड नव्हतं. शाळेच्या बाईंनी वर्गातली बाकं फोडून शेगडीत घातली. एकेक दिवशी एकेक. "मी सात वर्षांची होते. माझं बाक खिडकीजवळचं होतं, म्हणून ते शेवटी जळलं."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी पुस्तकातल्या चित्रावरून उचललेला शब्द, आणि तो या बाईच्या घरी जाऊन निघाला. माझ्या हातातला पाण्याचा पेला सांडला, तो दाजींच्या बुटावर.

"आंधळी आहेस का?" दाजी खेकसले.

"उन्हाळा आहे, वाळेल," मी म्हटलं.

"द्वेर्किनाची आणखी एक कविता आहे," झिनाबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. चादर खाली पडली. ओलेग म्हणाला, गरज नाही, गाडी उभी आहे. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. शाळेतली पोर उभी राहते तसे हात पाठीमागं घेतले आणि सबंध कविता म्हणून दाखवली. ओलेगनं तिचं हिंदी केलं नाही. कविता है, एवढंच दाजींना म्हणाला. मी केलं नंतर, मराठी. ते असं.

बाकावर नाव कोरलं होतं
ते आधी पेटलं
मी म्हटलं मुलींनो हात शेका
नाव गरम असतं

मग मला न्यायला आले
दुसऱ्या दिवशी हजेरीत
चुकून माझंच नाव निघालं
सगळ्या पोरी म्हणाल्या
हजर

कविता संपल्यावर पुढारीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं आभारप्रदर्शन झालं. मग सगळ्यांनी वाजवल्या. दाजींनीसुद्धा. त्या गलक्यात मी खाली पडलेली चादर उचलून झिनाबाईंच्या खांद्यावर घालायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता, त्या उन्हातसुद्धा.

"माझ्या बाईंची आहे," त्या कानाशी बोलल्या. "कुठं छापली नाही. त्यांचं नाव घेता येत नाही अजून. तुझ्याकडे नाव आहे, माझ्याकडे कविता. छाप."

आणि माझा कागद परत माझ्या हातात दिला. पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या.

"षष्ठी दोन्हीकडे चुकलीस," म्हणाल्या.

ओलेगनं त्यांच्या कोपराला धरलं आणि त्या गेल्या. परत भेटल्या नाहीत. पुढचा अंक त्यांना पाठवावा असं फार वाटलं. पाठवला नाही. पाठवला असता, तर टकटक त्यांच्या दारावर झाली असती.

दाजींनी मुंबईला कळवलं, की मूळ शब्द पार्ता असून छपाईच्या चुकीनं पाट झाला आहे, कवयित्री विख्यात आहे. वर लिहिलं, ही बाब मी प्रथमपासून जाणून होतो. दादाला कुणी हात लावला नाही. आणि द्वेर्किनाची दुसरी कविता जेव्हा शिक्क्यासाठी गेली, तेव्हा दाजींनी ती बोट ठेवून ठेवून वाचली.

"यात पाट नाही ना?"

"नाही."

"पाळणा? चौरंग? काही आपल्या घरातलं?"

"नाही दाजी. बाक आहे. सरकारी."

शिक्का असा आपटला, की दौत उडाली.

त्यानंतर आणीबाणी उठली, सरकार पडलं, दाजी निवृत्त झाले, माझ्याशी बोलणं मात्र नाही म्हणजे नाहीच. सणासुदीला ताईकडे जेवायला गेले, की माझ्या ताटात तूप वाढलं जाणार नाही याची व्यवस्था ते स्वतः बघायचे. मीही त्यांच्या जोड्यांना जाता येता पाय लावून यायचे. शेवटी आजारी पडले. मिशासुद्धा खाली आल्या. मी भेटायला गेले, तर ताईला म्हणाले, तू बाहेर जा. मला वाटलं, आता माफी मागतो की काय म्हातारा.

"द्वारके," म्हणाले. "आता तरी खरं सांग. पाटच होता ना?"

मी त्यांची चादर नीट केली. सोलापुरीच होती.

"पार्ता, दाजी."

भिंतीकडे तोंड केलं त्यांनी. ते पुन्हा माझ्याकडे वळलं नाही. आणि मला त्याचं वाईट वाटतं असं कुणाला वाटत असेल, तर ते कुणी दाजींना भेटलेलं नाही.

हं, दाढ हलतेय खरी. तेव्हा एक सांगून टाकते. तेवढं एक, बाकी सगळं सिद्धेश्वराला स्मरून.

झिनाबाईंनी सबंध कविता म्हटली नाही. 'नाव गरम असतं' इथपर्यंतच आल्या, आणि ओलेगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं त्यांनी गिळलं. खालच्या ओळी मी रचल्या, घरी, आजोबांच्या त्या फुटक्या पाटावर बसून. इतकी वर्षं झाली, कुणी विचारलंसुद्धा नाही, की ज्या बाईला धरून नेलं, तिला वर्गात दुसऱ्या दिवशी काय झालं ते कसं कळलं.

पण मला सांगा, हजेरी कुणीतरी द्यायला नको?